सौर पॅनेलच्या समांतर स्ट्रिंगना किती अँपिअरचा फ्यूज लावावा?

घरातल्या वायरिंगमध्ये शॉर्ट सर्किट झालं की फ्यूज उडतो, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. सौर पॅनेलच्या बाबतीत हीच सवय आपल्याला फसवते. भर उन्हात एका पॅनेलच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या, तर करंट साधारण ५ ते ८ टक्क्यांनीच वाढतो. चालू असताना १०.९ अँपिअर देणारं पॅनेल शॉर्ट झाल्यावर ११.५ अँपिअर देईल आणि तिथेच थांबेल. पॅनेल म्हणजे ठरावीक धारेचा झरा; वाट मोकळी करून दिली म्हणून तो जास्त वाहत नाही. अशा झऱ्यावर १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज लावला, तर त्या स्ट्रिंगच्या (एकापुढे एक, सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनेलच्या माळेच्या) स्वतःच्या शॉर्ट सर्किटने तो कधीच उडणार नाही.

मग हा फ्यूज असतो कशासाठी? शेजारच्या स्ट्रिंगपासून वाचवण्यासाठी. ही एक गोष्ट पक्की लक्षात राहिली, तर पुढची सगळी आकडेमोड आपोआप जागेवर बसते.

आधी बिघाड समजून घ्या

समजा, १२ पॅनेलची एक स्ट्रिंग अशा ४ स्ट्रिंग समांतर जोडल्या आहेत. एका स्ट्रिंगमध्ये केबलचं आवरण पत्र्याच्या कडेला घासून फाटलं आणि मधली पाच पॅनेल शॉर्ट झाली. त्या स्ट्रिंगमध्ये आता सातच पॅनेलचं व्होल्टेज उरलं. बाकीच्या तीन स्ट्रिंग मात्र पूर्ण १२ पॅनेलच्या व्होल्टेजवर आहेत. जास्त व्होल्टेजकडून कमी व्होल्टेजकडे करंट जाणारच. त्यामुळे तीन स्ट्रिंगचा करंट इन्व्हर्टरकडे जाण्याऐवजी या दुबळ्या स्ट्रिंगमध्ये उलटा शिरतो. वीज बनवणारी पॅनेल आता वीज खाऊ लागतात, तापतात आणि पुढे जळतात. केबल, कनेक्टर, जंक्शन बॉक्स यांचंही तेच होतं.

सावलीमुळे असं होतं का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. साधारणपणे नाही. सावलीत पॅनेलचा करंट खूप घटतो, पण ओपन सर्किट व्होल्टेज (करंट वाहत नसतानाचं व्होल्टेज) थोडंच उतरतं. त्यामुळे सावलीतल्या स्ट्रिंगमध्ये उलटा करंट शिरला, तरी तो नगण्य असतो. फ्यूजचा संबंध खऱ्या बिघाडाशी आहे, ढगांशी किंवा झाडाच्या सावलीशी नाही.

पायरी १: फ्यूज लागतो का, हे ठरवा

डेटाशीटमधून किंवा पॅनेलच्या मागच्या लेबलवरून दोन आकडे काढा. पहिला शॉर्ट सर्किट करंट. लेबलवर तो आयएससी म्हणून दिलेला असतो. दुसरा ‘मॅक्झिमम सिरीज फ्यूज रेटिंग’. तो बहुधा १५, २०, २५ किंवा ३० अँपिअर असतो. या दुसऱ्या आकड्यावरून पॅनेल उलटा करंट किती सोसेल, ते कळतं.

आता सूत्र:

उलटा करंट = (समांतर स्ट्रिंगची संख्या − १) × आयएससी

हे उत्तर पॅनेलच्या कमाल फ्यूज रेटिंगपेक्षा जास्त आलं, तर प्रत्येक स्ट्रिंगला फ्यूज हवा. आयईसी ६२५४८ या आंतरराष्ट्रीय मानकातला नियम हाच आहे.

या लेखभर एकच पॅनेल उदाहरणाला घेऊ: ४५० वॅट, आयएससी ११.५ अँपिअर, ओपन सर्किट व्होल्टेज ४९.५ व्होल्ट, कमाल फ्यूज २० अँपिअर.

२ स्ट्रिंग: १ × ११.५ = ११.५ अँपिअर. २० पेक्षा कमी, फ्यूज नको.
३ स्ट्रिंग: २ × ११.५ = २३ अँपिअर. २० पेक्षा जास्त, फ्यूज हवा.
४ स्ट्रिंग: ३ × ११.५ = ३४.५ अँपिअर. अर्थातच हवा.

‘दोन स्ट्रिंगना फ्यूज नको, तीनला हवा’ असं तोंडी सांगितलं जातं ते यावरूनच. पण हा ढोबळ नियम झाला. आयएससी कमी आणि फ्यूज रेटिंग जास्त असलेल्या पॅनेलच्या तीन स्ट्रिंगही फ्यूजशिवाय चालू शकतात, म्हणून गणित प्रत्येक वेळी करा. उत्तर अगदी काठावर आलं, तर आयएससीला १.२५ ने गुणून पुन्हा तपासा. उदाहरणार्थ, ६.१ अँपिअर आयएससी आणि १५ अँपिअर फ्यूज रेटिंगची तीन छोटी पॅनेल समांतर जोडली, तर २ × ६.१ = १२.२ येतात आणि आपण निर्धास्त होतो. १.२५ ने गुणल्यावर मात्र १५.२५ होतात. अशा वेळी मी फ्यूज लावतो.

स्ट्रिंग मोजताना एक चूक फार होते. इन्व्हर्टरला दोन किंवा अधिक स्वतंत्र एमपीपीटी इनपुट (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणारे) असतील, तर समांतर स्ट्रिंग प्रत्येक इनपुटमागे वेगळ्या मोजायच्या. चार स्ट्रिंग, दोन एमपीपीटी, प्रत्येकावर दोन स्ट्रिंग अशी रचना असेल तर हिशेब दोनचाच. इन्व्हर्टर स्वतः मागे करंट सोडत नाही ना, हे त्याच्या डेटाशीटमध्ये ‘बॅकफीड’ या नोंदीत पाहून घ्या.

बॅटरीचं प्रकरण वेगळं. चार्ज कंट्रोलर बिघडला तर बॅटरी उलटा करंट देऊ शकते आणि तो हजारो अँपिअरच्या घरात जातो. बॅटरीच्या टर्मिनलजवळचा फ्यूज ही स्वतंत्र गरज आहे, स्ट्रिंगचा फ्यूज ते काम करत नाही.

पायरी २: तळ आणि छत काढा

फ्यूज फार लहान घेतला तर तो चांगल्या उन्हात विनाकारण थकतो आणि उडतो. फार मोठा घेतला तर पॅनेल जळेपर्यंत गप्प बसतो. मधली जागा अरुंद असते. म्हणून ‘असू दे थोडा मोठा’ हा आपला नेहमीचा बाणा इथे सोडावा लागतो.

तळ, म्हणजे कमीत कमी किती अँपिअरचा फ्यूज हवा, तो असा काढतात. आयएससी मोजतात ते १००० वॅट प्रति चौरस मीटर उन्हात. प्रत्यक्षात निरभ्र आकाशात, आणि विशेषतः पांढऱ्या ढगाच्या कडेवरून ऊन परावर्तित होतं तेव्हा, तीव्रता त्याहून वर जाते. त्यासाठी १.२५ ने गुणायचं. शिवाय हा करंट तासन्‌तास वाहतो आणि फ्यूज सतत पूर्ण क्षमतेवर चालवू नये, म्हणून पुन्हा १.२५. दोन्ही मिळून १.५६. अमेरिकन नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचा हिशेब असा आहे. आयईसी १.५ ने भागवतं. मी १.५६ धरतो, त्यात दोन्ही बसतात.

११.५ × १.५६ = १७.९४ अँपिअर

बाजारात मिळणारे नेहमीचे आकडे १०, १२, १५, १६, २०, २५, ३०, ३२ असे आहेत. १७.९४ च्या वरचा पहिला आकडा २०.

छत, म्हणजे जास्तीत जास्त मर्यादा, दोन प्रकारचं. एक म्हणजे पॅनेलचं कमाल फ्यूज रेटिंग, आपल्या उदाहरणात २०. दुसरं म्हणजे आयईसीची २.४ × आयएससी ही मर्यादा, इथे २७.६. दोन्हींतलं जे कमी ते धरायचं. म्हणजे तळ १७.९४, छत २०, आणि त्यात बसणारा फ्यूज एकच: २० अँपिअर.

केबलही या हिशेबात बसली पाहिजे. फ्यूजच्या आकड्यापेक्षा केबलची क्षमता कमी असता कामा नये. ४ चौरस मिलिमीटरची सोलर केबल मोकळ्या हवेत, ६० अंश सेल्सिअस तापमानाला ५५ अँपिअर सोसते. त्यामुळे इथे सहसा अडचण येत नाही. पाइपात दहा-बारा केबल कोंबल्या असतील, तर मात्र क्षमता घटवून धरावी लागते.

पायरी ३: उष्णता मोजा

या पायरीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. फ्यूज हे मुळात उष्णतेवर चालणारं साधन. आजूबाजूची हवाच तापलेली असेल तर तो कमी करंटलाही वितळतो. कॉम्बायनर बॉक्स (सगळ्या स्ट्रिंग जिथे एकत्र येतात ती पेटी) गच्चीवर उन्हात असेल, तर आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरंच जास्त असतं. त्यात फ्यूज होल्डर एकमेकांना चिकटून रांगेत बसवलेले असतात आणि प्रत्येक फ्यूज शेजाऱ्याला ऊब देत असतो.

फ्यूजच्या डेटाशीटमध्ये तापमान आणि घट-गुणक यांचा आलेख दिलेला असतो. बॉक्समधल्या अपेक्षित तापमानाला गुणक ०.९ आहे असं धरू:

१७.९४ ÷ ०.९ = १९.९३ अँपिअर

२० चा फ्यूज कसाबसा बसला. गुणक ०.८५ असता तर २१.१ आले असते. आता २५ चा फ्यूज लावायचा का? नाही, पॅनेलचं छत २० आहे आणि ते ओलांडायचं नाही. इथे आकडा बदलायचा नसतो, परिस्थिती बदलायची असते. बॉक्स सावलीत न्या, पॅनेलच्या मागे किंवा उत्तम हवा खेळेल अशा भिंतीवर लावा, होल्डरमध्ये मोकळी जागा सोडा, फिकट रंगाचा आणि मोठा बॉक्स घ्या. ‘दर उन्हाळ्यात फ्यूज उडतो म्हणून एक नंबर वाढवला’ असं सांगणारे भेटतात. त्यांनी तक्रार मिटवली आणि संरक्षणही काढून टाकलं.

पायरी ४: व्होल्टेज, आणि तेही डीसी

स्ट्रिंगचं व्होल्टेज थंडीत वाढतं. लेबलवरचा आकडा २५ अंशाचा असतो. आपल्या उदाहरणात १२ × ४९.५ = ५९४ व्होल्ट. ६०० व्होल्टचा फ्यूज पुरेल असं वाटतं ना? आता थंडीतली पहाट धरू, ० अंश सेल्सिअस. डेटाशीटमध्ये व्होल्टेजचा तापमान गुणांक उणे ०.२७ टक्के प्रति अंश आहे असं समजा. २५ अंशांच्या फरकाला ६.७५ टक्के वाढ.

५९४ × १.०६७५ = सुमारे ६३४ व्होल्ट

६०० चा फ्यूज बाद. १००० व्होल्ट डीसीचा घ्यायचा. तुमच्या जागेचं आजवरचं सर्वांत कमी तापमान धरून हा हिशेब करा.

आता ‘डीसी’ या शब्दाकडे वळू. एसी करंट सेकंदाला १०० वेळा (५० हर्ट्झला) शून्यावर येतो, त्यामुळे फ्यूज वितळताना निर्माण होणारी ठिणगी आपोआप विझायला वाव मिळतो. डीसी शून्यावर येतच नाही. तार वितळली तरी मधल्या हवेतून आर्क (न विझणारी ठिणगी) जळत राहतो आणि फ्यूज, होल्डर, शेवटी बॉक्स पेटवतो. म्हणून फ्यूजवर फक्त एसी व्होल्टेज छापलेलं असेल तर तो इथे निरुपयोगी. घरगुती काचेचा फ्यूज तर विचारातही घेऊ नका.

घ्यायचा तो सौर पॅनेलसाठीचा ‘जीपीव्ही’ (gPV) वर्गाचा फ्यूज, आयईसी ६०२६९-६ प्रमाणे बनवलेला. अंगावर ही अक्षरं छापलेली असतात. १००० व्होल्टपर्यंत १० × ३८ मिलिमीटरचा दंडगोल सर्वत्र मिळतो. १५०० व्होल्टच्या प्रणालीला लांब आकाराचे फ्यूज आणि त्यांचेच होल्डर लागतात.

१२ व्होल्टच्या छोट्या प्रणालीत, जिथे पॅनेलचं व्होल्टेज २०–२५ च्या आसपास असतं, गाडीतले चपटे ब्लेड फ्यूज वापरलेले दिसतात. ते साधारण ३२ व्होल्ट डीसीचे असतात, त्यामुळे एकेक पॅनेल समांतर असेल तोवर व्होल्टेजच्या बाबतीत ते बसतात. दोन पॅनेल सिरीजमध्ये घेतली की संपलं.

फ्यूजकडून किती अपेक्षा ठेवावी

इथे जरा थांबावंसं वाटतं, कारण बहुतेक मार्गदर्शनात हा भाग गाळलेला असतो. २० अँपिअरचा फ्यूज २० अँपिअरला उडत नाही. जीपीव्ही फ्यूज आपल्या आकड्याच्या १.१३ पट करंटला एक तास तरी टिकला पाहिजे आणि १.४५ पट करंटला एका तासाच्या आत उडाला पाहिजे. म्हणजे २० चा फ्यूज २२.६ पर्यंत शांत राहणार आणि २९ ला नक्की उडणार. मधल्या पट्ट्यात काय होईल, याची हमी नाही.

आता तीन स्ट्रिंगचं उदाहरण आठवा: उलटा करंट २३ अँपिअर. म्हणजे तीन स्ट्रिंगच्या मांडणीत बिघाड होऊनही फ्यूज बराच वेळ, कदाचित अजिबातच, उडणार नाही! मग पॅनेलचं काय? आयईसी ६१७३० च्या चाचणीत पॅनेलमधून कमाल फ्यूज रेटिंगच्या १३५ टक्के, म्हणजे आपल्या पॅनेलमधून २७ अँपिअर, उलटा करंट दोन तास सोडतात. पॅनेलने पेट घेता कामा नये, अशी ती परीक्षा असते. २३ हे २७ च्या आत आहेत, म्हणून धोका आटोक्यात राहतो. चार स्ट्रिंगला ३४.५ येतात, तिथे फ्यूज ठामपणे उडतो. स्ट्रिंग जितक्या जास्त, तितका फ्यूज तत्पर. आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात उलटा करंटही कमीच असल्याने फ्यूज उडायला दुपार उजाडावी लागते. म्हणून फ्यूज लावला तरी वर्षातून एकदा प्रत्येक स्ट्रिंगचा करंट क्लॅम्प मीटरने (तारेभोवती पकडून करंट मोजणाऱ्या मीटरने) तपासायचं काम सुटत नाही.

मोठ्या पॅनेलचा सापळा

नव्या मोठ्या पॅनेलचा आयएससी १८ अँपिअरच्या पुढे जातो. १८.५ धरला तर १८.५ × १.५६ = २८.९, म्हणजे ३० चा फ्यूज, आणि छतही ३० असेल तर काम झालं. पण पॅनेल दोन्ही बाजूंनी ऊन घेणारं, बायफेशियल असेल तर? मागच्या बाजूने १० टक्के भर पडली, तर आयएससी २०.३५ होतो आणि तळ ३१.७ वर जातो. आता ३० पुरत नाही आणि ३२ छताच्या वर जातो. अशा वेळी समांतर स्ट्रिंग कमी करून प्रत्येक एमपीपीटीवर दोनच ठेवणं हा सरळ मार्ग. नाहीतर फ्यूज रेटिंग जास्त असलेलं पॅनेल निवडायचं. हे खरेदीआधी कागदावर दिसलं तर बरं, छतावर चढवल्यावर नव्हे.

पायरी ५: कुठे आणि किती फ्यूज

फ्यूज कॉम्बायनर बॉक्समध्ये, सगळ्या स्ट्रिंग एकत्र येतात त्या टोकाला लावायचा. धोका बाकीच्या स्ट्रिंगकडून येतो, म्हणजे तो त्या टोकाकडूनच आत शिरतो. फ्यूज पॅनेलजवळ लावला तर मधली सगळी केबल उघडी पडते. वाय-आकाराचे कनेक्टर लावून तीन-चार स्ट्रिंग छपरावरच एकत्र केल्या आणि खाली एकच फ्यूज लावला, तर त्या फ्यूजचा स्ट्रिंगच्या संरक्षणासाठी काहीच उपयोग नाही. हा प्रकार मी एवढ्या वेळा पाहिला आहे की नवीन ठिकाणी गेलो की आधी वाय कनेक्टर शोधतो.

कोणतंही टोक अर्थिंगला जोडलेलं नसेल, तर आयईसीनुसार प्रत्येक स्ट्रिंगच्या धन आणि ऋण अशा दोन्ही तारांत फ्यूज हवा. चार स्ट्रिंगना आठ फ्यूज. काही देशांचे नियम एकाच तारेत फ्यूज चालवून घेतात, तेव्हा आपल्याकडे लागू असलेला नियम पाहा.

फ्यूजऐवजी डीसी एमसीबी लावायचा असेल तर तो ध्रुवता नसलेला घ्या. धन-ऋण खुणा असलेला एमसीबी एकाच दिशेचा करंट नीट तोडतो. आपल्याला तर नेमका उलटा तोडायचा आहे.

पायरी ६: बसवताना

शेकडो व्होल्ट डीसीवर हात घालण्याचं प्रशिक्षण नसेल, तर इथपर्यंतचं गणित तुम्ही करा आणि पुढचं काम जाणकार इलेक्ट्रिशियनवर सोपवा.

फ्यूज घालण्याआधी प्रत्येक स्ट्रिंगचं व्होल्टेज आणि ध्रुवता मल्टिमीटरने तपासा. सगळ्या स्ट्रिंगचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एखादी ४०–५० व्होल्टने कमी दिसली तर तिच्यात एक पॅनेल कमी आहे किंवा बिघडलेलं आहे. वजा चिन्ह आलं तर वायरी उलट्या आहेत. ही चूक साधी नाही: उलटी स्ट्रिंग बाकीच्यांशी जोडली गेली, तर फ्यूजला तोडावं लागणारं व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होतं. आपल्या उदाहरणात ५९४ चे ११८८, आणि फ्यूज १००० चा.

फ्यूज होल्डर हे स्विच नाही. करंट वाहत असताना तो उघडला तर आर्क हातात उघडतो. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेल आणि इन्व्हर्टर यांना तोडणारा स्विच) बंद. पण तेवढ्याने भागत नाही. स्ट्रिंगमध्ये बिघाड असेल तर आयसोलेटर बंद असूनही स्ट्रिंग-स्ट्रिंगमध्ये करंट फिरत असतो. म्हणून प्रत्येक तारेला क्लॅम्प मीटर लावून शून्य पाहा आणि मगच होल्डर उघडा. शून्य नसेल तर सूर्यास्तानंतर या.

टर्मिनलचे स्क्रू होल्डरच्या कागदावर दिलेल्या टॉर्कनेच आवळा. ढिला स्क्रू तापतो, फ्यूजला ऊब देतो आणि फ्यूज उडण्याचं कारण भलतंच वाटू लागतं.

उडालेला फ्यूज सापडला तर नवा घालायची घाई नको. त्या स्ट्रिंगचं ओपन सर्किट व्होल्टेज बाकीच्यांशी ताडून पाहा, इन्सुलेशन टेस्टरने अर्थिंगशी संपर्क तपासा, कनेक्टर वितळलेत का ते बघा. काहीच सापडलं नाही, तर संशय उष्णतेवर किंवा ढिल्या स्क्रूवर.

शेवटी बॉक्सच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: ‘फ्यूज २० अँपिअर, १००० व्होल्ट डीसी, जीपीव्ही, १० × ३८. पॅनेलची कमाल मर्यादा २०. यापेक्षा मोठा लावू नये. होल्डर उघडण्यापूर्वी करंट शून्य असल्याची खात्री करा.’ आणि शेजारी त्याच मापाचे दोन जादा फ्यूज ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला हाताशी सापडेल तो फ्यूज घालायचा मोह होणार नाही.